गोडाऊनवाल्यावर ओरडायच्या आधी चार आठवडे नुसतं मोजा

लोहार चाळीत इलेक्ट्रिकल सामानाच्या एका होलसेल दुकानात मी बरीच वर्षं बिलिंगला होतो, दुकानाचं नाव सांगत नाही, आणि तसंही त्या गल्लीत कुठल्याही पेढीवर जाऊन विचारा, हीच स्टोरी ऐकायला मिळेल. ऑफिस इथे, गोडाऊन भिवंडीला, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, आणि रोज एक तरी फोन असा की "अहो वन वे स्विच मागवला होता, टू वे आलाय" (वन वे म्हणजे एकाच जागेवरून दिवा चालू-बंद करणारा साधा स्विच, टू वे म्हणजे जिन्यात वरून-खालून दोन्हीकडून करता येतो तो). शेठ लगेच गोडाऊनला फोन लावायचे, तिथल्या काकांना दोन मिनिटं झापायचे, फोन ठेवून मला म्हणायचे "अरे भाई, माणूस बदलून टाक ना". माणूस दोनदा बदलला पण. चुका होत्या तेवढ्याच.

मग एकदा आम्ही हे जरा पद्धतशीर केलं, चुका कमी करायच्या सिक्स सिग्मा पद्धतीवाल्यांची डीमॅक म्हणून जी पाच पायऱ्यांची पद्धत आहे ती वापरून, म्हणजे प्रॉब्लेम नीट ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, आणि मग ते टिकवा. नाव मोठं वाटतं, पण वही-पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर होतं. सिक्स सिग्माचे ग्रीन बेल्ट ब्लॅक बेल्टचे कोर्स यासाठी करायची काही गरज नाही, दहा-वीस माणसांच्या धंद्यात तर अजिबातच नाही. खाली जे आकडे देतोय ते समजायला सोपे पडावेत म्हणून गोल करून घेतलेत, पण रीत तीच आहे.

पहिलं काम, प्रॉब्लेम एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात कोणाचंही नाव किंवा कारण येता कामा नये. "गोडाऊनवाले लक्ष देत नाहीत" हा प्रॉब्लेम नाही, तो तुम्ही आधीच दिलेला निकाल आहे. "गेल्या महिन्यात पार्टीला (म्हणजे गिऱ्हाईकाला) गेलेल्या ऑर्डरपैकी किती ऑर्डरमध्ये मागितलेल्यापेक्षा वेगळं काहीतरी गेलं" हे वाक्य चालेल, कारण हे मोजता येतं. आणि चूक म्हणजे काय तेही आधीच ठरवून घ्या. माल बरोबर पण एक दिवस उशिरा गेला, ही चूक धरायची का? आम्ही नाही धरली, उशीर हा वेगळा विषय, दोन्ही एका वहीत घेतलं की वही बोंबलते.

आता मोजणं. इथेच सगळे कंटाळतात, आणि खरी मजा इथेच आहे. चार आठवडे काहीही सुधारायचं नाही, नुसत्या नोंदी. तारीख, ऑर्डर कधी आली, कशी आली (टाईप केलेली, व्हॉइस नोट, फोन की वहीच्या पानाचा फोटो), काय चुकलं, आणि चुकलेलं कोणाला सापडलं. शेवटचा कॉलम कोणी टाकत नाही पण तो सोन्यासारखा आहे, का ते पुढे सांगतो. चुकीपुढे चुकवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. एकदा का नाव लिहायला लागलात की दुसऱ्या दिवसापासून चुका लपायला लागतात, मग तुमची वही एकदम स्वच्छ आणि पार्टीचे फोन तेवढेच.

समजा चार आठवड्यांत 600 ऑर्डर गेल्या आणि 48 मध्ये काहीतरी चुकलं. म्हणजे शंभरातल्या 8. आता हाच आकडा शेठला गोड करूनही सांगता येतो बरं का. एका ऑर्डरमध्ये सरासरी 10 आयटम धरले तर 6,000 ओळी झाल्या, त्यातल्या 48 चुकल्या, म्हणजे 99.2 टक्के माल बरोबर, टाळ्या. सिक्स सिग्मात असंच चूक होऊ शकेल अशा दहा लाख संधींमागे किती चुका ते मोजतात, आपलं गणित येतं 8,000. मोटोरोलामध्ये 1986 मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि ज्या 3.4 चा एवढा गाजावाजा होतो तो दहा लाखांमागे 3.4 चुका. म्हणजे टक्केवारी ऐकून खूश व्हायच्या आधी खाली भागलंय कशाने ते विचारा. ज्या पार्टीला चुकीचा बॉक्स मिळाला तिच्यासाठी अख्खी ऑर्डर चुकलेली असते, म्हणून मी तरी ऑर्डरवरच मोजतो.

याच ठिकाणी डबेवाल्यांचं उदाहरण येणार हे तुम्हाला माहितीच आहे, मुंबईत राहून त्यातून सुटका नाही. त्यांना सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट मिळालंय असं प्रत्येक ट्रेनिंगवाला छातीठोकपणे सांगतो. सिक्स सिग्मा हे काही आयएसओसारखं प्रमाणपत्र नाही, एखाद्या धंद्याला ते देणारी कुठली एक अधिकृत संस्थाच नाही. त्यांच्याकडून शिकायचंच असेल तर डब्याच्या झाकणावर रंगवलेला कोड बघा. कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, सगळं झाकणावर. डबा हातात घेणाऱ्याला काही आठवावं लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. 1890 पासून चाललेलं काम आहे ते. आमच्या गोडाऊनमध्ये नेमकी हीच गोष्ट नव्हती.

बरं, 48 चुका आल्या की त्यांचे गट पाडा आणि मोठ्यापासून लहानाकडे लावा. समजा असं निघालं: आयटम तोच पण प्रकार चुकला (वन वे ऐवजी टू वे, 6 अँपिअर ऐवजी 16, बी कर्व्हच्या जागी सी कर्व्हचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) असे 27, नग कमी 9, एका पार्टीचा माल दुसऱ्या पार्टीला 6, फुटका माल 4, बिलात रेट चुकला 2. म्हणजे पाचातल्या पहिल्या दोन गटांतच 36 चुका, पाऊण हिस्सा झाला. याला पॅरेटो म्हणतात. आता फुटक्या मालासाठी नवीन खोके आणायचे का यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्या होत्या, त्या चार बॉक्ससाठी! वही समोर आली आणि तो विषयच संपला. आधी 27 ला हात घालायचा, बाकीचं सध्या जसं आहे तसं राहू दे.

पैशातही मांडा, नाहीतर शेठ ऐकत नाहीत. परतीचा टेम्पो, परत पॅकिंग, क्रेडिट नोट, सगळं धरून समजा एका चुकीमागे 250 रुपये, तर चार आठवड्यांचे 12,000. हा आकडा बोलला की खुर्ची पुढे सरकते.

यानंतर ऑफिसात बसून कारणं शोधायची नाहीत. गोडाऊनला जायचं, सकाळी, आणि ऑफिसातून आलेल्या ऑर्डरच्या एका चिठ्ठीच्या मागे मागे फिरायचं. मी गेलो तेव्हा काकांना वाटलं चौकशी आहे, तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं काका, आज मी काहीच विचारणार नाही, नुसता उभा राहतो. तासाभराने त्यांनीच एक बॉक्स उचलला, शटरपाशी उजेडात नेला, हात लांब करून धरला आणि माझ्या हातात दिला, "बाळा, हे वाच बघू काय लिहिलंय". बॉक्सच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात कोड नंबर. वन वे आणि टू वे, दोन्हीचे बॉक्स त्याच रंगाचे, त्याच मापाचे, एकाच रॅकवर शेजारी शेजारी. स्विच बाहेर काढून पुढून पाहिला तरी दोन्ही डिट्टो सारखे, मागे उलटा केला तर वन वेला दोन स्क्रू आणि टू वेला तीन, एवढाच फरक. रॅकच्या वर एक ट्यूबलाईट, ती पण फडफडणारी. मी स्वतः दहा मिनिटांत दोनदा चुकलो असतो.

आणि मग तो शेवटचा कॉलम, चूक कोणाला सापडली. आमच्या वहीत वन वे मागवून टू वे गेल्याच्या तक्रारी होत्या, पण काका म्हणाले त्यापेक्षा जास्त वेळा जातो, लोक बोलत नाहीत. बरोबरच आहे की, टू वेने वन वेचं काम होतं, महाग पण असतो, इलेक्ट्रिशियन गुपचूप बसवून मोकळा होतो. उलटं झालं, म्हणजे जिन्यासाठी टू वे हवा होता आणि वन वे आला, तर त्याचं काम अडतं, मग मात्र लगेच फोन. म्हणजे आपण ज्या मोजतो त्या फक्त ओरड झालेल्या चुका. उरलेल्या महिन्याच्या स्टॉक टॅलीत निघतात, टू वे कमी आणि वन वे जास्त. तुमच्या धंद्यातही अशा गुपचूप पचणाऱ्या चुका असणार, कुठल्या त्या शोधा.

चिठ्ठीचा वेळही लिहून घ्या. संध्याकाळी 6:40 ला आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी दुपारी 4 च्या टेम्पोत चढते, 21 तास 20 मिनिटं, त्यात तिच्यावर माणसाचा हात लागतो तो जेमतेम 25 मिनिटं. बाकी वेळ ती पडून असते. लक्षात ठेवा हे, कामाला येणार आहे.

कारण शोधायला टोयोटावाल्यांचं 'पाच वेळा का' सगळ्यात सोपं. फिशबोन म्हणजे माशाच्या काट्याचं चित्र पण काढतात, कुठल्याही ट्रेनिंगमध्ये असतं, पण माझा अनुभव सांगतो, दहा माणसं बसवून फिशबोन काढला की नव्वद टक्के काट्यांवर 'ट्रेनिंग कमी पडलं' आणि 'लक्ष नाही' हेच येतं आणि सगळे चहा पिऊन घरी जातात. त्यापेक्षा एक खरी चूक धरा, तारखेसकट, आणि तिच्या मागे लागा. आमची अशी होती:

चुकीचा स्विच का गेला? कारण चिठ्ठीवर नुसतं "स्विच 6 अँपिअर, 20 नग" होतं, वन वे की टू वे लिहिलंच नव्हतं, काकांनी अंदाजाने दिला. चिठ्ठीवर का नव्हतं? बिलिंगच्या मुलीने व्हॉइस नोट ऐकून चिठ्ठी केली आणि इलेक्ट्रिशियन नोटमध्ये "स्विच वीस पाठव" एवढंच बोलला होता, मागे ड्रिलचा आवाज. मग तिने उलटा फोन करून विचारलं का नाही? साडेसहानंतर ढीगभर मेसेज एकदम पडतात, सगळ्या चिठ्ठ्या सातच्या आत गोडाऊनला पाठवायच्या असतात आणि तिला मस्जिद स्टेशनवरून 7:12 ची गाडी पकडायची असते. मेसेज संध्याकाळीच का पडतात? साइटवरचं काम तेव्हा सुटतं, ते काही आपल्या हातात नाही. बरं मग सातच्या आतच का पाठवायच्या? इथे सगळे गप्प. शेवटी काकाच म्हणाले की पूर्वी टेम्पो सकाळी सातला सुटायचा, म्हणून रात्रीच चिठ्ठ्या लागायच्या. टेम्पो दुपारी चारला सुटायला लागून किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण चिठ्ठी रात्रीच पाठवायचा नियम तसाच.

म्हणजे दोनदा माणूस बदलला आणि चूक होती एका मेलेल्या नियमात. पाच हा आकडा काही देवाने दिलेला नाही बरं, कधी तीनमध्ये उत्तर मिळतं, कधी सात लागतात. थांबायचं कुठे? जिथे उत्तर ऐकून काय बदलायचं ते लगेच कळतं तिथे. उत्तर माणसाच्या स्वभावावर आलं, 'तो असाच आहे', 'ती विसरते', तर तुम्ही फाटा चुकलात, एक पायरी मागे या.

सुधारणा करताना आम्ही पहिली माती खाल्ली ती गूगल फॉर्मने. मस्त ड्रॉपडाऊन वगैरे केला, सगळ्या इलेक्ट्रिशियनना लिंक पाठवली, दोन आठवड्यांत एकाने भरला आणि तोही टेस्ट म्हणून. शिडीवर उभा असलेला माणूस फॉर्म भरणार आहे का, हे आपल्याला कळायला हवं होतं. मग उलटं केलं. त्याने हवं तसं बोलावं, सकाळी दुकान उघडल्यावर आम्ही ऑर्डर नीट टाईप करून, प्रत्येक आयटमचा प्रकार लिहून त्यालाच परत पाठवणार, तो फक्त ओके टाकणार, आणि चिठ्ठ्या साडेदहाला गोडाऊनला जाणार. टेम्पो तसाही चारला आहे, त्यामुळे उशीर शून्य. खर्च पण शून्य.

दुसरं, रॅक. टू वेचे बॉक्स उचलून समोरच्या भिंतीला नेले आणि प्रत्येकावर पिवळा स्टिकर. एमसीबीचंही तसंच, बी आणि सी वेगवेगळ्या रॅकवर. ट्यूब बदलली. याला जपानीत पोका-योके म्हणतात, म्हणजे चूक करायची जागाच ठेवायची नाही, आणि गंमत म्हणजे याचं जे पहिलं उदाहरण सगळीकडे सांगतात ते पण स्विचचंच आहे. 1961 मध्ये शिगेओ शिंगो नावाचे जपानी इंजिनिअर एका कारखान्यात गेले, तिथे स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. त्यांनी काय केलं, कामगाराने आधी दोन स्प्रिंगा काढून एका छोट्या बशीत ठेवायच्या, मग जोडायला घ्यायचं, शेवटी बशीत स्प्रिंग उरली की समजायचं बसवायची राहिली. बस. या प्रकाराला सुरुवातीला बाका-योके म्हणायचे, बाका म्हणजे मूर्ख, मग एका कारखान्यातल्या बाईला ते लागलं, तिला रडू आलं, तेव्हा शिंगोंनी नाव बदलून पोका केलं, पोका म्हणजे नकळत झालेली चूक. आमच्या शेठना ही गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगितली.

सगळं एकदम सगळीकडे लावू नका हां. एक सेल्समन, त्याच्या पार्ट्या, एक रॅक, दोन आठवडे. चाललं तर वाढवा, नाही चाललं तर गूगल फॉर्मसारखं गुपचूप गुंडाळा, कोणाचं काही जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक वाचत नाहीत. सुधारलं की नाही हे कसं ओळखायचं? आधीचे चार आठवडे बघा, समजा चुका 9, 14, 11, 14 अशा होत्या. शेठ 9 च्या आठवड्यात वडापाव मागवायचे आणि 14 च्या आठवड्यात आरडाओरडा, आणि त्यांचा पक्का समज की ओरडलं की कमी होतात. खरं म्हणजे काहीच बदललं नव्हतं. सरासरी 12, कॅल्क्युलेटरवर 12 चं वर्गमूळ काढा, 3.46, त्याची तिप्पट 10.4. बारातून वजा केलं तर साधारण 2 आणि मिळवलं तर 22. म्हणजे प्रोसेस जशीच्या तशी ठेवली तरी आठवड्याच्या चुका या 2 ते 22 मध्ये कुठेही नाचणार, 14 म्हणजे संकट नाही आणि 9 म्हणजे पराक्रम नाही. (हे झटपट गणित आहे, आठवड्याच्या ऑर्डर साधारण तेवढ्याच असतील आणि त्यामानाने चुका कमी असतील तेव्हाच चालतं.) चार आठवडे म्हणजे फार कमी माल आहे, आठवडे वाढतील तशा या 2 आणि 22 च्या रेषा परत काढत जा. याला कंट्रोल चार्ट म्हणतात, वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसाने 1924 मध्ये एका पानाच्या मेमोत हे मांडलं, आणि 1947-48 मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून तो भारतात येऊनही गेला. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार आधीपासून आहे, फक्त गोडाऊनपर्यंत पोचली नाही.

लोकलवर समजून घ्या. रोजची गाडी तीन-चार मिनिटं पुढेमागे होते, त्यावर कोणी स्टेशन मास्तरकडे जात नाही, ती रोजचीच हालचाल. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी भरून गाडी दोन तास अडकली तर तो वेगळाच प्रकार, त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. रोजची हालचाल कमी करायची तर वेळापत्रक, सिग्नल, म्हणजे प्रोसेसच बदलावी लागते, मोटरमनवर ओरडून होत नाही. धंद्यातही पाणी भरलेल्या दिवसाची नोंद वहीत बाजूला खूण करून ठेवा, ती सरासरीत घुसडू नका.

मग बदल केल्यावर पहिल्याच आठवड्यात 5 चुका आल्या तर पेढे वाटायचे का? नाही. 5 हा अजून त्या 2 ते 22 च्या आतलाच आहे. सलग आठ आठवडे आकडा जुन्या सरासरीच्या, म्हणजे 12 च्या खाली राहिला की समजायचं खरंच काहीतरी हललंय. मग नवीन सरासरी, नवीन रेषा. आठ आठवडे थांबणं फार जड जातं, मला पण गेलं होतं, तिसऱ्या आठवड्यात शेठ म्हणाले झालं ना आता, बंद कर ती वही.

वही बंद झाली की दोन महिन्यांत सगळं मूळपदावर येतं, हे लिहून घ्या. म्हणून टिकवायची सोय सुरुवातीलाच करा. आमची वही शटरजवळ सुतळीला बांधून लटकवली होती, पेनसकट, आणि ती काकांकडे दिली, ऑफिसकडे नाही. चूक झाली की रेघ ओढायची, शनिवारी मोजून आकडा ग्रुपवर टाकायचा, पाच मिनिटांचं काम. रेषेच्या बाहेर आकडा गेला तरच फोन, एरवी फोन नाही, हे शेठकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला दोन स्विच उलटे करून मागचे स्क्रू मोजायला लावायचे. पिवळे स्टिकर संपायच्या आधी मागवायची जबाबदारी एकाच माणसाची, कारण स्टिकर संपले की चार दिवसांत टू वेचे बॉक्स परत जुन्या रॅकवर दिसतात, हे आमच्याकडे झालेलं आहे.

आणि हो, यातलं काहीही दिवाळीच्या आधीच्या महिन्यात सुरू करू नका. तेव्हा ऑर्डर दुप्पट, माणसं रोजंदारीवरची, कोणाला वही भरायला वेळ नसतो आणि आलेले आकडे कशाशीच ताडून बघता येत नाहीत. दिवाळीनंतर सगळे गावाहून परत आले की पहिल्या सोमवारी वही आणा.